चित्रांतील दुपार

या चित्रांत कांहींच घडत नाहीं. एक उथळ नदी आहे. तिच्या पात्रांत तीन घोड्यांची एक रिकामी गाडी आहे. कांठावर एक जुनें घर आहे, आणि वर ढगांनीं भरलेलें विस्तीर्ण आकाश आहे. युद्ध नाहीं, देवता नाहीं, राजा नाहीं, प्रेमिकांची ताटातूटहि नाहीं. तरीहि दोनशें वर्षांहून अधिक काळ माणसें या चित्रासमोर येऊन उभीं राहतात आणि कांहीं क्षण आपली घाई विसरतात. हें चित्र म्हणजे जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराचें 'द हे वेन', अर्थात् 'गवताची गाडी'. १८२१ सालीं तें पुरें झालें, आणि आज तें लंडनच्या नॅशनल गॅलरींत आहे.

चित्राचा भाव नेमका कोठें वसतो, हा प्रश्न अशा चित्रापाशीं येऊन जितका अडतो तितका क्वचितच अन्यत्र अडत असेल. ऐतिहासिक प्रसंगाच्या चित्रांत भाव प्रसंगांतून येतो. धारातीर्थीं पडलेला सेनापति दिसला कीं करुण रसाची निम्मी सिद्धता झालेली असते. ग्रामीण देखाव्याला अशी कथा नसते. तेव्हां साधारणतः असें उत्तर दिलें जातें कीं, खेडें शांत असतें, म्हणून खेड्याचें चित्र शांत वाटतें. हें उत्तर टिकणारें नाहीं. नदी, झाडें आणि गुरें यांचीं असंख्य चित्रें दिवाणखान्यांच्या भिंतींवर टांगलेलीं असतात, आणि त्यांतील बहुतेक पाहणाऱ्याच्या मनाला स्पर्शहि करीत नाहींत. शिधा तोच, परंतु स्वयंपाक साधलेला नसतो. भाव नुसत्या वस्तूंत नसून वस्तूंच्या मांडणींत असतो. काय ठेवलें, कोठें ठेवलें, आणि त्याहूनहि अधिक म्हणजे काय काढून टाकलें, यांत असतो. ही गोष्ट समजून घेण्यास कॉन्स्टेबलचें हें चित्र फार सोयीचें आहे, कारण तें कसकसें घडत गेलें याचे पुरावे अद्यापि शिल्लक आहेत.

इंग्लंडच्या पूर्वभागांत सफोक आणि एसेक्स या दोन परगण्यांच्या सीमेवरून स्टूर नांवाची लहानशी नदी वाहते. तिच्याजवळच्या ईस्ट बर्गोल्ट या गांवीं ११ जून १७७६ रोजीं कॉन्स्टेबलचा जन्म झाला. वडील गोल्डिंग कॉन्स्टेबल हे धान्याचे सधन व्यापारी; फ्लॅटफर्ड येथील पाणचक्की त्यांच्या ताब्यांत होती. चित्रांत दिसतें तें पाणी या चक्कीजवळचें, आणि डाव्या बाजूचें घर विली लॉट नांवाच्या शेतकऱ्याचें. हा लॉट ऐंशीहून अधिक वर्षें जगला, आणि एवढ्या दीर्घ आयुष्यांत या घराबाहेर त्यानें अवघ्या चार रात्री काढल्या, अशी आख्यायिका आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो, चित्रांतील घराकडे पाहिलें कीं ती पटते. घर कोणी बांधलें असावें असें वाटत नाहीं. तें झाडांबरोबर जमिनींतून वर आलें असावें असें वाटतें.

चित्र सुमारें १८५ सेंटिमीटर रुंद आणि १३० सेंटिमीटर उंच आहे. एवढ्या मोठ्या पृष्ठावर पाहणाऱ्याची नजर भरकटूं नये आणि ती कोंडलीहि जाऊं नये, हें चित्रकारापुढील पहिलें संकट. कॉन्स्टेबलनें चित्राचा डावा भाग घर आणि गर्द झाडी यांनीं जड केला, आणि उजवा भाग कुरणाच्या रूपानें मोकळा सोडला. एका पारड्यांत सावलीचें वजन आणि दुसऱ्यांत उजेडाचा पसारा. दोन्ही बाजू सारख्या नाहींत, तरी तोल ढळत नाहीं. कारण दूरवर पसरलेल्या उन्हालाहि चित्रांत एक प्रकारचें वजन असतें. अगदीं पुढें, अलीकडच्या कांठावर, एक कुत्रा गाडीच्या दिशेनें पाहत उभा आहे. पाहणाऱ्याची नजर त्याच्यापाशीं शिरते आणि त्याच्याच नजरेबरोबर गाडीकडे जाते. गाडी पलीकडच्या कुरणाकडे निघाली आहे, म्हणून नजरहि पाणी ओलांडते. वाटेंत उजवीकडे झुडपांत अर्धवट लपलेला एक मासे धरणारा व त्याची होडी तिला भेटते; पुढें उन्हांत न्हालेलें कुरण, त्यांत टिंबांएवढे गवत कापणारे मजूर, त्यांच्यामागें झाडांची निळसर रांग, आणि मग आकाश. आकाशांतील ढग तिला पुन्हां डावीकडे, झाडांच्या शेंड्यांवरून, घराच्या धुराड्यापाशीं आणून सोडतात. असा एक फेरा पुरा होतो, आणि त्यांत कोठेंहि धक्का बसत नाहीं.

शांततेचें एक कारण या फेऱ्याच्या संथपणांत आहे. दुसरें कारण रेषांच्या स्वभावांत आहे. पाण्याची सपाटी, कांठ, कुरण, क्षितिज या साऱ्या मुख्य रेषा आडव्या आहेत. आडवी रेषा म्हणजे आडवें झालेलें शरीर. ती विश्रांतीची खूण आहे. तिरपी रेषा पळते किंवा पडते, उभी रेषा पहारा करते. वादळाचें किंवा रणाचें चित्र काढणारा तिरप्या रेषांचा आश्रय घेतो, तो याचमुळें. तिसरें कारण माणसांच्या वागण्यांत आहे. घराजवळ पाण्यापाशीं एक स्त्री वांकली आहे. गाडींत दोन माणसें आहेत. दूर मजूर राबत आहेत. प्रत्येकाला आपलें लहानसें काम आहे, आणि कोणीहि चित्राबाहेर पाहत नाहीं. पाहणाऱ्याची दखल कोणी घेत नाहीं, म्हणूनच त्याला आपण आगंतुक असल्याचा संकोच वाटत नाहीं.

परंतु सर्वांत महत्त्वाची योजना गाडीच्या जागेंत आहे. गाडी एका कांठावरून निघालेली आहे आणि दुसऱ्या कांठाला पोंचलेली नाहीं. ती रिकामी आहे. गवत अजून भरावयाचें आहे. निघणें आणि पोंचणें यांच्या मधला हा क्षण आहे. कॉन्स्टेबलनें हें चित्र १८२१ सालीं रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनांत ठेवलें तेव्हां त्याचें नांव 'गवताची गाडी' नव्हतें. तें होतें 'निसर्गदृश्य : मध्यान्ह'. आजचें नांव मित्रमंडळींतून पुढें रूढ झालें. मूळ नांव ध्यानांत घेतलें कीं रचनेचा अर्थ उलगडतो. मध्यान्ह हा दिवसाचा मधला क्षण, नदीचें पात्र ही दोन कांठांमधली जागा, आणि रिकामी गाडी ही दोन कामांमधली उसंत. काळ, स्थळ आणि क्रिया हीं तिन्ही एकाच मध्यबिंदूवर येऊन थांबलीं आहेत. चित्राचा विषय गाडी नाहीं. दुपार हा त्याचा विषय आहे, आणि गाडी हें त्या दुपारचें हृदय आहे.

या दुपारला जिवंतपणा येतो तो आकाशामुळें. तारुण्यांत कॉन्स्टेबलनें सुमारें एक वर्ष वडिलांच्या धंद्यांत घालविलें होतें आणि पवनचक्कीवर काम केलें होतें. पवनचक्कीवाल्याची भाकरी वाऱ्यावर अवलंबून असते. ढगाकडे तो रसिकतेनें नव्हे, गरजेनें पाहतो. ही संवय कॉन्स्टेबलला जन्मभर पुरली. १८२१ व १८२२ या वर्षीं लंडनजवळच्या हॅम्पस्टेड येथें त्यानें केवळ ढगांचीं अनेक तैलचित्रें काढलीं, आणि कित्येकांच्या पाठीवर तारीख, वेळ व वाऱ्याची दिशा नोंदवून ठेवली. आकाश म्हणजे चित्रामागें टांगलेला पांढरा पडदा नव्हे. चित्राचा सूर तेंच लावतें आणि भावना सांगण्याचें मुख्य साधनहि तेंच असतें, असें मत त्यानें १८२१ मध्यें आपला मित्र जॉन फिशर यास लिहिलेल्या पत्रांत मांडलें. 'गवताच्या गाडी'तील आकाश हें या मताचेंच प्रत्यक्ष रूप होय. ढग दाट आहेत, पण भीतिदायक नाहींत. त्यांच्यामुळें कुरणावर उजेडाचे आणि सावलीचे पट्टे पडले आहेत. श्रावणांत माळावरून सावली सरकतांना ज्यानें पाहिली आहे, त्याला हें दृश्य परकें वाटणार नाहीं. आकाश निरभ्र असतें तर चित्रांतील शांतता निर्जीव झाली असती. तें काळवंडलेलें असतें तर ती भंगली असती. उद्यां पाऊस येऊं शकेल, परंतु आज गवत वाळत आहे, एवढीच हुरहूर या आकाशानें ठेविली आहे.

रंगांचाहि येथें वेगळा विचार आहे. त्या काळीं जुन्या चित्रांवरील पिवळट तपकिरी वार्निशाची छटा हीच अभिरुचीची खूण मानली जाई. सर जॉर्ज बोमंट हे कॉन्स्टेबलचे स्नेही व मोठे संग्राहक. चित्राचा एकूण रंग जुन्या व्हायोलिनसारखा असावा, असें त्यांचें म्हणणें होतें. कॉन्स्टेबलनें एक जुनें व्हायोलिन आणून घरासमोरच्या हिरवळीवर ठेवलें, अशी गोष्ट त्याच्या चरित्रकारानें सांगितली आहे. वादविवाद करण्याची गरजच उरली नाहीं. 'गवताच्या गाडी'त हिरवा रंग हिरवाच आहे, पण तो एक नाहीं. पाण्याकांठचा काळसर हिरवा, पानांचा ओला हिरवा, कापलेल्या कुरणाचा पिवळसर हिरवा, असे कितीतरी हिरवे शेजारीं शेजारीं बसविले आहेत. कॉन्स्टेबलच्या कुरणांचें श्रेष्ठत्व याच अनेक हिरव्यांमुळें आहे, असें फ्रेंच चित्रकार देलाक्रवा यानेंहि पुढें नमूद केलें. या हिरवाईच्या मधोमध घोड्यांच्या साजाचा तांबडा रंग चमकतो. तो ठिपका अगदीं थोडा आहे. पण तांबड्याच्या सान्निध्यांत हिरवा अधिक हिरवा दिसतो. तो ठिपका बोटानें झांकून छापील प्रत पाहिली, तर सबंध चित्र एकदम फिकें पडल्यासारखें वाटतें.

आतां काय काढून टाकलें, याकडे वळावयाचें. कॉन्स्टेबल आपल्या मोठ्या चित्रांसाठीं त्याच आकाराचें कच्चें तैलचित्र आधीं रंगवीत असे. ही रीत खर्चाची, वेळखाऊ आणि त्या काळीं अपूर्व होती. 'गवताच्या गाडी'चें असें कच्चें चित्र लंडनच्याच व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयांत आहे. त्यांत अलीकडच्या कांठावर कुत्र्याजवळ एक घोडेस्वार आहे. पक्क्या चित्रांतहि तो प्रथम होता. मग कॉन्स्टेबलनें त्याला पुसून त्या जागीं एक पिंप रंगविलें. आणि अखेर पिंपहि झांकून टाकलें. वरचा रंग काळानें पारदर्शक होत गेला, त्यामुळें त्या पिंपाची अस्पष्ट छाया आज त्या जागीं दिसूं लागली आहे.

या एका दुरुस्तींत चित्रकलेचा एक मोठा धडा सांठविलेला आहे. घोडेस्वारांत वाईट कांहींच नव्हतें. परंतु स्वार म्हटला कीं तो कोण, कोठून आला, गाडीवाल्यांशीं त्याचें काय काम, असे प्रश्न उभे राहतात. चित्रांत कथा शिरते, आणि कथा शिरली कीं दुपार मागें हटते. पिंप हें मुकें होतें, पण तें वाट अडवीत होतें. नजरेला पाण्यावर उतरण्यापूर्वींच त्याच्यापाशीं थांबावें लागलें असतें. दोन्ही गेल्यावर उरली ती केवळ मोकळी जागा, आणि त्या मोकळ्या जागेंत एकटा कुत्रा. संगीतांत दोन स्वरांमधला विराम जसा स्वरांइतकाच मोलाचा, तशी ही जागा आहे. पाहणाऱ्याला जी शांतता आयती लाभल्यासारखी वाटते, ती अशी दोनदां हात मागें घेऊन मिळविलेली आहे.

आणखी एक गोष्ट विसरतां येत नाहीं. हें चित्र स्टूरच्या कांठीं बसून काढलेलें नाहीं. तें लंडनमध्यें, १८२०-२१ च्या हिवाळ्यांत रंगविलें गेलें. विली लॉटच्या घराचीं लहान अभ्यासचित्रें पूर्वींच्या वर्षांत केलेलीं होतीं. त्यांचा उपयोग झाला. गाडीचे बारकावे आठवेनात, तेव्हां त्याचा भाऊ एब्रम यानें गांवाकडच्या एका तरुण चित्रकाराकडून गाडीचीं रेखाचित्रें करवून लंडनला धाडलीं. कॉन्स्टेबल त्या वेळीं चव्वेचाळीस वर्षांचा होता. आई १८१५ मध्यें आणि वडील १८१६ मध्यें वारले होते. ज्या घरांत तो वाढला तें घरहि त्यानंतर विकलें गेलें होतें. म्हणजे ही जुलैची दुपार शहरांतल्या धुक्यांत बसून, स्मरणाच्या आधारानें, पुन्हां उभी केलेली आहे. तिच्यांत जो ओलावा आहे तो केवळ नदीच्या पाण्याचा नव्हे.

स्वदेशांत या चित्राला गिऱ्हाईक मिळालें नाहीं. पुढें जॉन ॲरोस्मिथ या पॅरिसच्या चित्रविक्रेत्यानें तें इतर दोन चित्रांसह २५० पौंडांस घेतलें, आणि १८२४ च्या पॅरिस येथील सालोंमध्यें तें मांडलें गेलें. तेथें त्यानें खळबळ उडविली. राजा दहावा चार्ल्स यानें कॉन्स्टेबलला सुवर्णपदक दिलें. देलाक्रवा यानें कॉन्स्टेबलचीं चित्रें पाहून आपल्या 'किऑसचें हत्याकांड' या चित्रावर पुन्हां काम केलें. एका शांत कुरणाच्या चित्रापासून एका कत्तलीच्या चित्रकारानें धडा घ्यावा, यांत विसंगति नाहीं. रंग जिवंत कसे ठेवावे, हा प्रश्न दोघांचा एकच होता. चित्र कालांतरानें इंग्लंडास परतलें, आणि १८८६ सालीं हेन्री व्हॉन या संग्राहकानें तें नॅशनल गॅलरीस अर्पण केलें.

येथपर्यंत सारें गोड आहे. परंतु या चित्रासमोर एक कडू प्रश्नहि विचारला गेला आहे, आणि तो टाळून चालणार नाहीं. नेपोलियनशीं चाललेलें युद्ध १८१५ मध्यें संपलें. धान्याचे भाव कोसळले, शिपाई कामाविना घरीं परतले आणि शेतमजुरांची दैना झाली. पूर्व इंग्लंडांत १८१६ मध्यें दंगली झाल्या. १८२२ मध्यें, म्हणजे हें चित्र प्रथम मांडलें गेल्याच्या दुसऱ्याच वर्षीं, सफोक व नॉरफोक या परगण्यांत मळणीयंत्रें फोडलीं गेलीं आणि गंजी पेटल्या. १९८० सालीं जॉन बॅरेल या अभ्यासकानें आपल्या ग्रंथांत दाखवून दिलें कीं, त्या युगाच्या निसर्गचित्रांत गरीब माणूस दिसतो, पण इतक्या दूर आणि इतका लहान, कीं त्याचा चेहरा वाचतां येऊं नये. 'गवताच्या गाडी'तील टिंबांएवढे मजूर आठवले कीं हें म्हणणें मनाला टोंचतें. मजूर जवळ आणला असता तर त्याचा घाम दिसला असता, आणि घाम दिसला असता तर ही दुपार एवढी निवांत राहिली नसती. जी रचना शांति निर्माण करते, तीच रचना दुःखाला अंतरावर ठेवते.

मग हें चित्र खोटें आहे काय? तसें म्हणणें अन्यायाचें होईल. कॉन्स्टेबल हा चक्कीमालकाचा मुलगा होता. राजकारणांत जुन्या मताचा होता. मजुराच्या डोळ्यांनीं त्यानें कुरण पाहिलें नाहीं, आणि तसा आवहि आणला नाहीं. त्यानें आपल्याला ठाऊक असलेली एक दुपार, ती हातून गेल्यावर, जितक्या प्रामाणिकपणें उभी करतां येईल तितकी केली. गाडीचें चाक, पाण्यावरची लकाकी, पानांवरचे पांढरे कण यांत त्यानें कोठेंहि लबाडी केली नाहीं. परंतु पाहणाऱ्यानेंहि तितकेंच प्रामाणिक असावें. चित्रांतील शांतता ही त्या गांवाची वस्तुस्थिति नव्हे. ती एका माणसाची जोडलेली, निवडलेली, आणि कांहीं गोष्टी वगळून राखलेली शांतता आहे. एवढें उमजलें म्हणजे तिचें मोल कमी होत नाहीं. उलट, ती किती नाजुक आहे हें कळतें.

या नाजुकपणाची प्रचिति ४ जुलै २०२२ रोजीं आली. हवामानाच्या प्रश्नावर आंदोलन करणाऱ्या दोघांनीं नॅशनल गॅलरींत या चित्रावर कागदावर छापलेलें दुसरें चित्र डकविलें. त्यांत मांडणी कॉन्स्टेबलचीच होती; परंतु नदीच्या जागीं रस्ता होता, आकाशांत विमानें होतीं आणि झाडें होरपळलेलीं होतीं. चित्राच्या वार्निशाला व चौकटीला किंचित् इजा झाली, ती दुरुस्त करण्यांत आली. त्या कृत्याविषयीं मतें भिन्न असोत. पण त्यांनीं हेंच चित्र निवडलें, यांत चित्राच्या रचनेची एक साक्ष आहे. घर तेथेंच, गाडी तेथेंच, कुरण तेथेंच ठेवल्यामुळेंच काय नाहींसें झालें तें प्रत्येकाला एका दृष्टिक्षेपांत कळलें. मांडणी इतकी मनांत मुरलेली नसती, तर उणीव कोणास दिसलीच नसती.

नॅशनल गॅलरींतील त्या भिंतीवर अजूनहि बाराच वाजले आहेत. धुराड्यांतून धूर निघतो आहे, कुत्रा गाडीकडे पाहतो आहे, आणि गाडी अजून पलीकडे पोंचलेली नाहीं. जेथें घोडेस्वार होता व नंतर पिंप होतें, ती जागा रिकामी आहे. चित्रासमोर उभा राहणारा माणूस नकळत त्याच जागेवरून नदी पाहत असतो.